रेणू सापडला, औषध अजून व्हायचे आहे

नव्या उपचारांच्या संशोधनाला निधी देणाऱ्या समित्यांच्या सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापुढे येणाऱ्या जैवतंत्रज्ञानाच्या प्रस्तावांचा साचा एव्हाना पाठ झाला असेल. अमुक आजारात अमुक प्रथिन वाढते, त्याला पकडणारा रेणू आम्हाला गवसला, उंदरांमधल्या गाठी आक्रसल्या, पुढच्या तीन वर्षांसाठी पैसे हवेत. शेवटच्या पानावर एक ओळ असते: 'यानंतर उत्पादनाची क्षमता वाढवली जाईल.' हे पत्र त्या एका ओळीविषयी आहे. आम्ही पेशी वाढवणारी, प्रथिने शुद्ध करणारी आणि तयार बॅच पास की नापास हे ठरवणारी माणसे आहोत. त्या ओळीत किती वर्षे आणि किती अपयशे घडी घालून ठेवलेली असतात हे आम्हाला ठाऊक आहे. खर्चाच्या तक्त्यात मात्र तिच्यासमोरचा रकाना बहुधा कोरा असतो.

जैवतंत्रज्ञानाने वैद्यकाला सुरुवातीला जे मोठे दिले, त्यातले रेणू नवे नव्हतेच. इन्सुलिन १९२२पासून रुग्णांना मिळत होते. ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. जेमतेम पाव किलो शुद्ध इन्सुलिनसाठी डुकरांचे दोन टनांहून अधिक अवयव लागत. मुलांची खुंटलेली वाढ सुधारणारे हार्मोन मृतदेहांच्या पिट्युटरी ग्रंथीतून काढले जाई. त्यातून काहींना क्रॉइट्झफेल्ड-याकोब हा मेंदूचा प्राणघातक आजार जडल्याचे १९८५मध्ये लक्षात आले आणि ते औषध मागे घ्यावे लागले. रक्त नीट न गोठण्याच्या हिमोफिलिया या आजारात लागणारा, रक्त गोठवणारा 'फॅक्टर आठ' हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनत असे, आणि त्यातून एचआयव्ही पसरला. पुढे हीच प्रथिने जीवाणूंकडून आणि पेशींकडून बनवून घेता येऊ लागली. मानवी इन्सुलिनला १९८२मध्ये परवानगी मिळाली, वाढीच्या हार्मोनला १९८५मध्ये, फॅक्टर आठला १९९२मध्ये. औषध जुनेच, ते करायची रीत नवी. रुग्ण वाचले ते त्या रीतीमुळे.

'जनुक जीवाणूत घातले की जीवाणू औषध देतो' हे वाक्य शाळेच्या पुस्तकात शोभते. इ. कोलाय या जीवाणूमध्ये मानवी इन्सुलिनच्या दोन साखळ्या १९७८मध्ये तयार झाल्या: एक २१ अमिनो आम्लांची, दुसरी ३०ची. पण जीवाणूच्या पोटात परके प्रथिन भरमसाट तयार झाले की ते बहुधा नीट घडी न पडता गोळे होऊन बसते. ते गोळे युरियासारख्या द्रावणात विरघळवायचे, साखळी पूर्ण उलगडायची आणि मग हळूहळू योग्य घडी पडू द्यायची. इन्सुलिनमध्ये सिस्टीन ही जोडीने एकमेकांना बांधली जाणारी अमिनो आम्ले सहा असतात. त्यांच्या तीन जोड्या १५ प्रकारे लागू शकतात, त्यातला एकच प्रकार बरोबर. पुढे दोन साखळ्या वेगळ्या बनवण्याऐवजी मधल्या दुव्यासह अखंड प्रोइन्सुलिन बनवायचे, घडी पडली की एन्झाइमने दुवा कापून टाकायचा, ही पद्धत रुळली. मधला दुवा दोन्ही टोके योग्य जागी धरून ठेवतो, म्हणून बरोबर घडी पडण्याचे प्रमाण वाढते. हे शहाणपण रेणूच्या शोधातून आले नाही, ते टाकीपाशी उभे राहून आले.

ॲस्पिरिनच्या रेणूत अणू २१. तो कुठेही, कोणत्याही मार्गाने बनवा, शुद्ध असेल तर तोच असतो. प्रतिपिंड म्हणजे ठरावीक लक्ष्याला पकडणारे प्रथिन. त्याच्या एका रेणूत १३००हून अधिक अमिनो आम्ले असतात आणि वजन ॲस्पिरिनच्या ८०० पटींहून जास्त. शिवाय बाटलीत असतो तो एक रेणू नसतोच. एकमेकांशी थोडे थोडे फरक असलेल्या रेणूंचा तो समुदाय असतो. कुणाच्या अंगावरची साखरेची साखळी आखूड, कुणाचे शेपूट तुटलेले, कुणी दोघे एकमेकांना चिकटलेले. हे प्रमाण ठरते ते पेशी, खाद्य, तापमान आणि टाकीतले दिवस यांवरून. म्हणून आमच्या धंद्यात प्रक्रिया म्हणजेच माल असे म्हणतात.

प्रतिपिंडांची औषधे बहुतांशी चिनी हॅमस्टरच्या बीजांडकोषातून १९५७मध्ये वेगळ्या केलेल्या पेशींच्या वंशजांत बनतात. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेली एक मिलिलिटरची कुपी वितळवायची, त्यात साधारण एक कोटी पेशी. त्या फ्लास्कमध्ये, मग थोड्या मोठ्या भांड्यात, असे दर तीन-चार दिवसांनी वाढवत तीन-चार आठवड्यांत मोठ्या टाकीपर्यंत न्यायच्या. टाकीत तापमान ३७ अंश, सामू ७च्या आसपास, विरघळलेला ऑक्सिजन संपृक्ततेच्या ३० ते ५० टक्के. दोन आठवडे खाद्य देत राहायचे. मधेच तापमान तीन-चार अंशांनी उतरवतात. पेशी वाढायच्या थांबतात आणि प्रथिन बनवत राहतात.

दोन लिटरच्या भांड्यात हे छान चालते. दोन हजार लिटरला खरी गंमत सुरू होते. ऑक्सिजन पोचावा म्हणून बारीक बुडबुडे सोडले, तर ते पृष्ठभागावर फुटताना पेशींना फाडतात. त्यासाठी पोलोक्झामरसारखे संरक्षक घालावे लागते. पण बुडबुडे इतके बारीक असले की पेशींनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढून न्यायला ते कमी पडतात. तो साचतो, सामू उतरतो, यंत्र आपोआप अल्कली ओतते, द्रवातला क्षार वाढतो, पेशी मंदावतात आणि शिवाय प्रथिनावरच्या साखरेच्या साखळ्यांची घडण बदलते. प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्याला हे कधीच दिसत नाही, कारण त्याच्या फ्लास्कमध्ये पृष्ठभाग भरपूर आणि द्रव थोडा असतो. त्याचा प्रयोग चुकीचा नाही, फक्त प्रश्न निराळा आहे.

टाकी उतरली की शुद्धीकरण. प्रोटीन-ए हे प्रतिपिंडाला धरणारे प्रथिन लावलेल्या स्तंभातून द्रव सोडला की प्रतिपिंड तेवढे धरले जातात, बाकीचे वाहून जाते. आम्लाने ते सोडवायचे, आणि त्याच आम्लात, साधारण ३.५ सामूला, तासभर ठेवायचे, म्हणजे आवरण असलेले विषाणू निकामी होतात. काही प्रतिपिंडांना मात्र हा तासभर सोसत नाही. ते एकमेकांना चिकटतात, आणि असे गुच्छ शरीरात गेले तर शरीर औषधाविरुद्धच प्रतिपिंडे बनवू शकते. त्यानंतर विद्युतभारावर वेगळे करणारे एक-दोन स्तंभ, मग सुमारे २० नॅनोमीटर छिद्रांची विषाणूगाळणी, शेवटी द्रावण बदलून घट्ट करणे. सगळ्यातून ७० टक्के माल हाती आला तर आम्ही समाधानी असतो. रेणू निवडतानाच शंभर मिलिग्रॅम घेऊन तासभर आम्लात ठेवून पाहिले असते, तर नंतरची दोन वर्षे वाचली असती, असे रेणू आहेत. ही चाचणी एका दुपारची आहे. प्रस्तावात ती आहे का, एवढे पाहा.

पेशी बदलली की काय होते, याचे शिकवणारे उदाहरण सेटुक्सिमॅबचे. कर्करोगावरचे हे प्रतिपिंड उंदराच्या पेशींत बनते. त्या पेशी साखळीच्या टोकाला अल्फा-गॅल नावाची साखर लावतात. माणसाच्या पेशी ती लावत नाहीत. अमेरिकेच्या आग्नेय भागात बऱ्याच लोकांच्या रक्तात या साखरेविरुद्धची ॲलर्जीकारक प्रतिपिंडे आधीच होती, गोचिडीच्या चाव्यामुळे तयार झालेली. अशा रुग्णांना पहिल्याच सलाइनला जीवघेणी ॲलर्जी झाली. रेणूच्या रचनेत, लक्ष्यात, मात्रेत काहीही चूक नव्हती. साखर एका पेशीच्या सवयीची होती, एवढेच.

एरिथ्रोपोएटिनची गोष्ट आणखी बारीक. मूत्रपिंडाच्या रुग्णांत रक्तपेशी वाढवणारे हे प्रथिन. त्याच्या एका उत्पादनात १९९८मध्ये मानवी अल्ब्युमिन काढून स्थिरीकरणासाठी पॉलिसॉर्बेट ८० घातले गेले. हेतू चांगला होता, मानवी रक्तातला घटक टाळण्याचा. पुढच्या काही वर्षांत, त्वचेखाली इंजेक्शन घेणाऱ्या काही रुग्णांच्या शरीराने या प्रथिनाविरुद्धच प्रतिपिंडे तयार केली. त्यांनी औषधाबरोबर शरीराचे स्वतःचे एरिथ्रोपोएटिनही निकामी केले आणि लाल पेशी बनणेच थांबले. संशय गेला तो नव्या द्रावणाने सिरिंजच्या रबरी बुचातून बाहेर काढलेल्या द्रव्यांवर. बुचांना आवरण दिले, देण्याचा मार्ग बदलला, आणि प्रकरणे झपाट्याने घटली. नेमके कारण कोणते यावर पुष्कळ वाद झाले. आम्हाला एवढेच दाखवायचे आहे की रबराचे बूच हेसुद्धा औषधाचा भाग आहे, आणि त्याच्या अभ्यासाला कुणी निधी मागायला आले तर हसू नका.

दूषिततेचे भय तर रोजचेच. जीवाणू शिरला तर निदान कळते: तो वीस मिनिटांत दुप्पट होतो, आमच्या पेशींना एक दिवस लागतो, सकाळपर्यंत टाकी गढूळ. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जीवाणू मात्र ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही निसटतो, द्रव गढूळ करत नाही, आणि त्याच्या पारंपरिक चाचणीला २८ दिवस लागतात. विषाणू त्याहून वाईट. बॉस्टनमधल्या एका कारखान्यात २००९मध्ये पेशींची वाढ मंदावली. कारण निघाले व्हेसिव्हायरस २११७. माणसाला तो आजारी करतो असे आढळलेले नाही, पण हॅमस्टरच्या पेशी मारतो. कारखाना धुऊन काढावा लागला, आणि गोशे व फॅब्री या दुर्मिळ आजारांच्या रुग्णांना पुढे दीर्घकाळ औषधाचा तुटवडा सोसावा लागला. एक विषाणू, एक इमारत, आणि जगभरचे रुग्ण. सगळी निर्मिती एकाच छताखाली असणे हीही एक वैद्यकीय जोखीमच आहे.

जनुकोपचार आणि पेशींच्या उपचारांत हा प्रश्न दसपट होतो. कार-टी उपचारात रुग्णाच्याच प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशींना कर्करोगाची पेशी ओळखून मारायला शिकवतात. त्यात कच्चा माल म्हणजे रुग्णाचे स्वतःचे रक्त. त्यातल्या टी-पेशी वेगळ्या करायच्या, उत्तेजित करायच्या, लेंटिव्हायरस या जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूच्या साहाय्याने नवे जनुक घालायचे, आठ-दहा दिवस वाढवायच्या, गोठवायच्या, तपासायच्या आणि रुग्णाला केमोथेरपी देऊन परत सोडायच्या. रक्त काढल्यापासून परत देईपर्यंत साधारण तीन ते पाच आठवडे. आधीच्या केमोथेरपींनी ज्याच्या टी-पेशी थकल्या आहेत, त्याची बॅच वाढतच नाही, आणि दुसऱ्या प्रयत्नाला त्याच्याकडे वेळ नसतो. निर्जंतुकतेच्या नेहमीच्या चाचणीला १४ दिवस लागतात. अशा रुग्णासाठी हे १४ दिवस किती असतात, याचा विचार करा. झटपट आणि तरीही विश्वासार्ह चाचणी शोधणारा प्रस्ताव दिसायला रूक्ष असतो. आम्ही तो नव्या रेणूच्या आधी मंजूर करू.

याच उपचारात २०१८मध्ये प्रसिद्ध झालेले एक प्रकरण प्रत्येक समितीने वाचायला हवे. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी घेताना रक्ताच्या कर्करोगाची एकच पेशी सोबत आली. नवे जनुक तिच्यातही शिरले. टी-पेशींनी जे चिन्ह ओळखून मारायचे, तेच त्या पेशीच्या स्वतःच्या अंगावर उगवलेल्या नव्या प्रथिनाने झाकले गेले. ती लपली, वाढली, आणि नऊ महिन्यांनी आजार परतला. कोट्यवधी पेशींत एक. पेशी वेगळ्या करण्याच्या पायरीवर किती पैसे आणि किती काळजी हवी, याचे उत्तर या एका पेशीत आहे.

विषाणूच्या कवचातून जनुक नेणाऱ्या उपचारांत प्रश्न नुसत्या मोजणीचा असतो. पाठीच्या कण्यातील स्नायुदौर्बल्याच्या बालकांसाठी २०१९मध्ये मान्य झालेल्या औषधाची मात्रा किलोमागे सुमारे १,१०,००० अब्ज जनुकवाहक कण इतकी आहे. आठ किलोच्या बाळाला ८,८०,००० अब्ज. साध्या प्रक्रियेत लिटरमागे लाखभर अब्ज कण मिळाले आणि शुद्धीकरणात निम्मे गेले, तर एका बाळासाठी १८ लिटर लागतात. त्यातही पेशी बरीचशी रिकामी कवचे बनवतात, ज्यांच्यात जनुकच नसते. ती आजार बरा करत नाहीत, यकृताला आणि प्रतिकारशक्तीला मात्र भार होतात. भरलेली आणि रिकामी कवचे वेगळी करणे ही आज या क्षेत्रातली सर्वात कंटाळवाणी आणि सर्वात निकडीची गोष्ट आहे. आणखी एक अडचण जागेची: या कवचात साधारण ४,७०० अक्षरांचे जनुकच मावते. ड्युशेन या स्नायूंच्या आजारात लागणाऱ्या डिस्ट्रॉफिन या प्रथिनाचा संदेश ११,००० अक्षरांच्या आसपास आहे, म्हणून त्याची कापलेली आवृत्ती वापरावी लागते. 'जनुक बदलून टाकू' असे प्रस्तावात सहज लिहिले जाते. आधी ते मावते का ते विचारा.

उलट बाजूही सांगतो. कोरोनाचा जनुकीय क्रम जानेवारी २०२०मध्ये जाहीर झाला आणि त्याच वर्षी २ डिसेंबरला ब्रिटनमध्ये एमआरएनए लशीला आपत्कालीन परवानगी मिळाली. लोकांना तो चमत्कार वाटला. पण आरएनएला शरीराने परका समजून भडकू नये म्हणून त्यातले एक अक्षर बदलण्याचा उपाय कारिको आणि वाइसमन या शास्त्रज्ञांनी २००५मध्ये मांडला होता, आणि आरएनए गुंडाळून पेशीत नेणारे चरबीचे सूक्ष्म कण दुसऱ्याच कामासाठी, एका आनुवंशिक आजाराच्या औषधासाठी, २०१८मध्ये परवानगीपर्यंत पोचले होते. कण बनवायची रीत तयार होती, फक्त आतला संदेश बदलायचा होता. २०२५मध्ये यकृताच्या एका दुर्मिळ दोषावर एका बाळापुरते जनुक-दुरुस्तीचे औषध सहा महिन्यांत बनले, तेही याच पायावर. जिथे रीत आधी पिकलेली असते तिथेच घाई साधते.

निर्मिती चोख असली म्हणजे सगळे झाले असेही नाही. लंडनमध्ये २००६मध्ये टीजीएन१४१२ या प्रतिपिंडाच्या चाचणीत सहा निरोगी स्वयंसेवक अत्यवस्थ झाले. माकडांना सुरक्षित ठरलेल्या मात्रेचा ५००वा भाग दिला होता. तपासात बॅच निर्दोष निघाली. हे प्रतिपिंड ज्याला पकडते ते लक्ष्य माकडांच्या एका प्रकारच्या टी-पेशींवर नव्हतेच, माणसाच्या पेशींवर होते. आणि प्रयोगशाळेत औषध मोकळे द्रावणात ठेवून पाहिले होते, पृष्ठभागाला चिकटवून पाहिले असते तर मानवी पेशी भडकलेल्या दिसल्या असत्या, हे नंतर कळले. म्हणजे औषध नेमके काय करते हे मोजणारी चाचणीच अपुरी होती. आम्ही तिला क्षमतेची चाचणी म्हणतो. ती उशिरा बनते, कारण तिच्यावर शोधनिबंध निघत नाही.

मग मागणी काय? तुमच्या अर्जात एक पान वाढवा आणि ते भरल्याशिवाय अर्ज घेऊ नका. पेशी कुठून आली, तिचे कागद आहेत का, उत्पादनासाठी वापरण्याची परवानगी आहे का. तिला वाढण्यासाठी वासराचे सीरम, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, लागते का. लागत असेल तर सीरमशिवाय जगायला शिकवण्यासाठी किती महिने धरले. प्लाझ्मिडवर, म्हणजे जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएच्या वर्तुळावर, अँपिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक आहे का. असेल तर आजच कॅनामायसिन या दुसऱ्या कुळातल्या प्रतिजैविकावर न्या, कारण पेनिसिलिनच्या कुळातले अंश औषधात नकोत, आणि हा बदल आता आठवड्याचा आहे, नंतर वर्षाचा. क्षमतेची चाचणी कोणती, ती दोन वेगळ्या माणसांच्या हातून एकच उत्तर देते का.

आणि एक गणित मागा. समजा, १०० रुग्णांना सहा महिने, दर पंधरवड्याला ४०० मिलिग्रॅम प्रतिपिंड द्यायचे आहे. १३ मात्रा धरल्या तर ५२० ग्रॅम. पेशी लिटरमागे तीन ग्रॅम देत असतील आणि ७० टक्के हाती येत असेल, तर २५० लिटरची एक बॅच पुरते. प्रयोगशाळेतल्या पेशी ५० मिलिग्रॅमच देत असतील, तर तेवढ्याच औषधाला सुमारे १५,००० लिटर लागतील. दोन्ही प्रस्तावांत रेणू एकच असू शकतो. दुसऱ्याला रेणूसाठी पैसे देण्याआधी पेशी सुधारण्यासाठी द्या.

निधीचा ठरावीक हिस्सा प्रक्रिया, चाचण्या आणि पेशीबँकेसाठी राखीव ठेवा, आणि तो दुसरीकडे वळवू देऊ नका. जनुकवाहक विषाणू बनवणारी सामायिक केंद्रे उभी करा. प्रत्येक गटाने आपापली टाकी घेणे म्हणजे पाच जणांनी पाच अर्धवट प्रक्रिया शिकणे. टाकी चालवणाऱ्या, स्तंभ भरणाऱ्या तंत्रज्ञांच्या कायम जागांना पैसे द्या. चांगला तंत्रज्ञ दोन-तीन वर्षांत घडतो आणि प्रकल्प संपला की निघून जातो. त्याच्याबरोबर जाते ते कोणत्याही वहीत नसते.

शेवटची अट अशी घाला: फसलेल्या बॅचचा अहवाल द्यावाच लागेल. कोणत्या दिवशी पेशींची जिवंत टक्केवारी घसरली, त्या वेळी पेशींनी सोडलेले लॅक्टेट आणि अमोनिया किती होते, कोणत्या लॉटचे खाद्य होते, गुच्छांचे प्रमाण कोणत्या पायरीनंतर वाढले. दोन पानांचा असला तरी चालेल. पुढच्या अर्जाची छाननी करताना तुमच्या टेबलावर असे वीस अहवाल असतील, तर 'उत्पादनाची क्षमता वाढवली जाईल' या ओळीपाशी तुमचे बोट आपोआप थांबेल.

आपले,
पेशीसंवर्धन, शुद्धीकरण आणि गुणवत्ता तपासणीच्या कामातील काही जण